डावखुरा हात आणि शाळेतला माइक

सप्रेम नमस्कार.

तुमचं चार पानी पत्र मिळालं. इतर वाचकांना कळावं म्हणून आधी त्याचा गोषवारा देतो. तुम्ही मूळचे साताऱ्याचे, गेली अठरा वर्षं शिकागोजवळ नेपरव्हिलला. मुलगा सोळाचा, अकरावीत, बेसबॉलमधला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. शाळेची टीम आहेच, शिवाय गावोगाव स्पर्धा खेळणारी एक खासगी ट्रॅव्हल टीम. तिथले कोच म्हणतात, हात सोन्याचा आहे, हिवाळाभर आमच्याकडे इनडोअर सरावाला पाठवा, पुढच्या उन्हाळ्यात खेळाडू हेरणाऱ्या स्काउटसमोर उभा करतो. त्याचे साडेचार हजार डॉलर. ऑगस्टमध्ये त्याचा घोटा मुरगळला होता, तरी पंधरा दिवसांत तो पुन्हा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर होता. तुम्हाला त्यानं कॉम्प्युटर सायन्स घ्यावं असं वाटतं. तो म्हणतो, मी पिचर होणार आणि नाही जमलं तर टीव्हीवर कॉमेंट्री करणार. यावर तुमचं वाक्य असं: "म्हणजे एक स्वप्न फसलं की दुसरं तयार, अभ्यास कुठेच नाही."

या वाक्याशी माझं भांडण आहे, पण तुम्हाला वाटतं त्या कारणासाठी नाही. तुमच्या मुलाची चूक स्वप्न बघण्यात नाही. पिचिंग संपलं की कॉमेंट्रीची खुर्ची आपोआप पुढे सरकवली जाते, असं तो धरून चालला आहे. ती चूक आहे. आणि तुम्हीही तेच धरून चालला आहात, म्हणून तुम्हाला ती पळवाट वाटते.

दोन डावखुऱ्यांची गोष्ट सांगतो. मुलालाही वाचायला द्या. त्याला नावं माहीत असतील, पण हिशोब कुणी मांडून दाखवला नसेल.

जिम काट. मिशिगनमधल्या झीलंड नावाच्या छोट्या गावचा, जन्म १९३८. शेजारच्या हॉलंड गावातल्या होप कॉलेजात असताना १९५७ मध्ये स्काउट घरी आले. शिकागो व्हाइट सॉक्सनं २५ हजार डॉलर देऊ केले. त्या काळात एवढ्यात घर झालं असतं. वडिलांनी नाही म्हटलं आणि वॉशिंग्टन सेनेटर्सचे ४ हजार घेतले.

वेडेपणा वाटतो ना? तेव्हाचा नियम असा होता की ४ हजारांहून जास्त बोनस घेणाऱ्या पोराला दोन वर्षं मेजर लीगच्याच, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्याच संघात ठेवावं लागायचं, शिकायला खाली मायनर लीगमध्ये पाठवता यायचं नाही. म्हणजे पैसे खिशात आणि पोरगा बाकावर. काटच्या वडिलांना पोरगा खेळताना हवा होता. तो नेब्रास्कातल्या सुपिरियरला गेला, मॉन्टानातल्या मिझूलाला गेला, बसमधून फिरत, आडगावच्या मैदानांवर मार खात शिकला. १९५९ मध्ये पहिल्यांदा मेजर लीगमध्ये उतरला आणि १९८३ पर्यंत उतरतच राहिला. २५ मोसम, २८३ विजय. पिचरच्या जागेवरच्या उत्तम क्षेत्ररक्षणासाठी सलग सोळा वर्षं गोल्ड ग्लोव्ह.

दुसरा सँडी कोफॅक्स. ब्रुकलिनचा पोरगा, काटपेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्यानं १९५४ च्या डिसेंबरात ब्रुकलिन डॉजर्सकडून १४ हजारांचा बोनस घेतला आणि त्याच नियमात अडकला. १९५५ च्या सबंध मोसमात तो फक्त १२ सामन्यांत दिसला. पहिल्या सहा वर्षांचा हिशोब ३६ विजय, ४० पराभव. नंतर तो जो सुटला, तसा डावखुरा त्या खेळात पुन्हा झाला की नाही यावर इथले म्हातारे अजून वाद घालतात.

१९६५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, हे दोघं समोरासमोर आले. काट आता मिनेसोटा ट्विन्सकडे होता, कारण सेनेटर्सचा संघच १९६१ मध्ये मिनेसोटाला हलला होता. दुसरा सामना काटनं जिंकला, ५-१. पाचवा कोफॅक्सनं, ७-०. सातवा आणि निर्णायक पुन्हा कोफॅक्सनं, २-०. तेव्हा मोठा कोण, यात वाद नाही. सावकाश गेला म्हणून काट कोफॅक्सपेक्षा मोठा झाला असं मी सांगितलं, तर ती तुमची फसवणूक होईल. पण कोफॅक्सचा कोपर संधिवातानं इतका खराब झाला होता की १९६६ मध्ये २७ सामने जिंकून तो तिथेच थांबला. वय ३०. काट १९८२ मध्ये, ४३ व्या वर्षी, सेंट लुइस कार्डिनल्सचा राखीव पिचर म्हणून वर्ल्ड सिरीज जिंकला.

आता माइककडे या. निवृत्त झाल्या झाल्या कोफॅक्सला एनबीसी या टीव्ही कंपनीनं करार दिला, दहा वर्षांचा, दहा लाख डॉलरचा. अमेरिकेतलं सगळ्यात मोठं नाव, देखणा माणूस, खेळाची जाण एवढी की बाकीच्यांनी वह्या घेऊन बसावं. आणि ते जमलं नाही. मुळात अबोल माणूस, स्वतःबद्दल बोलायचा संकोच, कॅमेऱ्यासमोर तो कधीच मोकळा झाला नाही. १९७३ चा मोसम सुरू व्हायच्या आत त्यानं स्वतःच राजीनामा दिला, चार वर्षांचा करार शिल्लक असताना. मला या गोष्टीत त्याच्याबद्दल आदरच वाटतो. पण तुमच्या मुलानं ती पाठ करून ठेवावी. त्या माउंडवर उभा राहिलेला सर्वांत मोठा डावखुरा माइकसमोर अडला.

काटचं उलट झालं. खेळ सुटल्यावर थोडा काळ सिनसिनाटीत पिचिंग कोच, १९८६ मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाच्या प्रक्षेपणात, मग काही वर्षं ट्विन्सकडे, १९९५ पासून २००६ पर्यंत पुन्हा यांकीज. निवृत्ती जाहीर केली, ती टिकली नाही, २००९ मध्ये एमएलबी नेटवर्कवर परत, आणि २०२२ मध्ये कायमचा निवृत्त. त्याची जुनी प्रक्षेपणं ऐकायला बसलात तर लक्षात येईल, तो फार बोलत नसे. पुढचा चेंडू कुठे पडणार आणि का, हे चेंडू पडायच्या आधी सांगायचा. पडून गेल्यावर सांगणारे छप्पन्न असतात. हे त्याला कुठून आलं? माझं मत सांगतो. ज्याच्याकडे कोफॅक्ससारखा हात नसतो, त्याला फलंदाज वाचावाच लागतो. पंचवीस वर्षं डोकं चालवून जगलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं साठतं.

आणि हो, ही खुर्ची सुरक्षित नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये, ८२ व्या वर्षी, एका क्यूबन खेळाडूचं कौतुक करताना काटच्या तोंडून असा शब्दप्रयोग गेला की त्याला गुलामगिरीच्या इतिहासाचा वास येत होता. त्याच सामन्यात, काही इनिंगनंतर, त्याला माफी मागावी लागली. दोनच महिन्यांनी हॉल ऑफ फेमसाठी त्याची निवड झाली, पण तो प्रसंग लोक विसरलेले नाहीत. चुकीचा चेंडू स्टँडमध्ये जातो आणि पुढचा टाकता येतो. चुकीचं वाक्य रेकॉर्ड होतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नांकडे.

साडेचार हजार आणि हिवाळा. देऊ नका. ते कोच माणूस म्हणून चांगले असतील, पण त्यांचा धंदा हिवाळ्यात मुलं आली तरच चालतो, हे विसरू नका. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून काढलेली 'पिच स्मार्ट' नावाची नियमावली आहे, फुकट वाचायला मिळते. १५-१६ वर्षांच्या मुलाला एका दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू. वर्षातून निदान चार महिने सामन्यातलं पिचिंग बंद, आणि त्यातले दोन-तीन महिने सलग खांद्यावरून फेकणंच बंद. एकाच वेळी दोन टीमसाठी पिचिंग नको, आणि तुमचा मुलगा नेमकं तेच करतोय. शाळेचे कोच त्यांच्याकडचे चेंडू मोजतात, ट्रॅव्हल टीम त्यांच्याकडचे. बेरीज कुणीच करत नाही. ती तुम्ही करा. तुम्ही अकाउंट्समधले आहात ना? फ्रिजवर एक कागद लावा: तारीख, किती चेंडू, किती दिवस विश्रांती. इतकं साधं काम आहे, आणि ते न केल्यामुळे कॉलेजला जायच्या आधी कोपराचं ऑपरेशन झालेली तीन मुलं मी स्वतः पाहिली आहेत. त्यातला एक आपल्याच मराठी मंडळातला.

कोपराच्या त्या ऑपरेशनला इथे 'टॉमी जॉन' म्हणतात. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरवर ते पहिल्यांदा केलं. त्यानं त्याआधी १२४ सामने जिंकले होते, नंतर १६४ जिंकले. हे आकडे ऐकून काही पालकांना वाटतं, ऑपरेशन केलं की हात नवा होतो. एका वडिलांनी तर मला विचारलं होतं, आधीच करून घेतलं तर? मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो.

घोट्याचं मी जास्त मनावर घेतो, कारण तुम्ही ते एका ओळीत उरकलंय. डिझी डीन हे नाव मुलाला विचारा. १९३४ मध्ये ३० सामने जिंकलेला पिचर. १९३७ च्या ऑल-स्टार सामन्यात एक सणसणीत फटका त्याच्या पायावर आदळला आणि अंगठा मोडला. पुरता बरा व्हायच्या आत तो मैदानात उतरला. पाय दुखतो म्हणून टाकण्याची ढब नकळत बदलली आणि त्यात हात गेला. वय २७. त्यानंतर तो पूर्वीसारखा पिचर कधीच राहिला नाही. दुखावला होता पायाचा अंगठा, किंमत मोजली खांद्यानं. तुमच्या मुलाला फिजिओथेरपिस्टकडे न्या आणि घोटा तपासताना त्याची टाकण्याची ढबही बघायला सांगा.

हा डीन पुढे रेडिओवर गेला आणि तिथे तुफान चालला. व्याकरणाची त्याची ऐशीतैशी असे. मिझुरीतल्या शिक्षकांनी १९४६ मध्ये तक्रार केली की हा पोरांची इंग्रजी बिघडवतो. श्रोत्यांनी त्याचीच बाजू घेतली. १९४७ मध्ये तो सेंट लुइस ब्राउन्सच्या पिचर्सना माइकवरून इतका झोडपत होता की शेवटी मालकांनी त्यालाच म्हटलं, मग तूच ये. सहा वर्षांनी तो माउंडवर चढला आणि चार इनिंगमध्ये एकही रन दिला नाही. मग बॅटिंग करताना पाय लचकला, गडी परत कॉमेंट्रीच्या बूथमध्ये. हे मुलाला हसायला म्हणून सांगितलं. पण तुमच्या पत्नीला काळजी आहे ना, तो घरी मराठी आणि बाहेर इंग्रजी बोलतो म्हणून उच्चार "मिक्स" होतात? त्यांना सांगा, आवाज वेगळा असणं हे या धंद्यात वजाबाकी नाही.

पैशाचा प्रश्न तुम्ही थेट विचारलाय, तसंच उत्तर देतो. शाळेत बेसबॉल खेळणाऱ्या शंभरातले सात-आठ कॉलेजच्या संघात पोचतात, तिथून वर फारच थोडे. मेजर लीगचं किमान वेतन २०२५ मध्ये वर्षाला ७ लाख ६० हजार डॉलर. तिथून एक पायरी खाली, ट्रिपल-एमध्ये, २०२३ च्या करारानुसार किमान ३५ हजार ८००. एकदम विसावा भाग! आणि त्याच्याही खाली आणखी पायऱ्या आहेत. बहुतेकांची कारकीर्द या खालच्या पायऱ्यांवरच संपते. म्हणून पदवी हवी, यात मी तुमच्या बाजूनं आहे. मुलगा चार वर्षांच्या कॉलेजात गेला, तर ड्राफ्टसाठी, म्हणजे मेजर लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यासाठी, पुन्हा पात्र व्हायला त्याला तिसरं वर्ष पुरं करावं लागेल किंवा २१ वर्षांचं व्हावं लागेल. मला हा नियम आई-वडिलांचा मित्र वाटतो. तीन वर्षं शिक्षण पक्कं.

तुम्ही विचारलंय, यात आपला कुणी आहे का. मराठी कुणी माझ्या नजरेत नाही. पण कुमार रॉकर आहे, त्याच्या आईकडचं कुटुंब आंध्रचं. व्हँडरबिल्ट विद्यापीठात पहिल्याच वर्षी, २०१९ मध्ये, त्यानं ड्यूक विद्यापीठाविरुद्ध एकही हिट न देता, म्हणजे कुणालाही फटक्यावर बेस गाठू न देता, १९ फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनं त्याला ड्राफ्टमध्ये दहावा निवडला, ६० लाखांचं ठरलं, आणि हाताचा वैद्यकीय अहवाल बघून मेट्सनं करारच केला नाही. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सनं तिसरा निवडला. २०२३ मध्ये टॉमी जॉन झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला. हे सगळं वाचताना मेट्सच्या जागी स्वतःला ठेवून बघा: ते साठ लाख मुलाच्या टॅलेंटवर अडले नाहीत, कोपर-खांद्याच्या फिल्मवर अडले.

आता खुर्चीबद्दल. इथल्या बूथमध्ये दोन खुर्च्या असतात, आणि आपल्याला त्या समजायला अमेरिकेत यायची गरज नव्हती. एक गावस्करांची, दुसरी हर्षा भोगल्यांची. गावस्करांच्या खुर्चीवर बसायला आधी मैदानावर घाम गाळावा लागतो. भोगले केमिकल इंजिनियर, अहमदाबादच्या आयआयएमचे, कसोटी एकही खेळलेले नाहीत, पण एकोणिसाव्या वर्षापासून हैदराबादच्या आकाशवाणीवर बोलत होते. तुमचा मुलगा गावस्करांची खुर्ची मागतोय. तिची किल्ली त्याच्या हातात नाही, कोपराच्या हातात आहे. भोगल्यांच्या खुर्चीची तयारी मात्र आजपासून करता येते, आणि त्यासाठी हात मोडेपर्यंत थांबायची गरज नाही.

अमेरिकेत या खुर्चीचा सगळ्यात मोठा माणूस व्हिन स्कली. डॉजर्सचं वर्णन त्यानं १९५० ते २०१६ असं ६७ मोसम केलं. तोही कॉलेजात खेळायचा, न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठाकडून, सेंटर फील्डला. आणि त्याच काळात फोर्डमच्या रेडिओ केंद्रावर बोलायचा. दोन्ही एकदम. फोर्डम, सिरॅक्यूज आणि तुमच्या घरापासून तासाभरावरचं नॉर्थवेस्टर्न, ही नावं लिहून ठेवा. कॉम्प्युटर सायन्सला माझी हरकत नाही, पण अर्ज करताना एक प्रश्न जास्तीचा विचारा: विद्यार्थ्यांचं स्पोर्ट्स रेडिओ आहे का, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला माइक मिळतो का? काही ठिकाणी तिसऱ्या वर्षापर्यंत नुसत्या वायरी गुंडाळायला लावतात.

तसंच डिव्हिजन थ्रीची, म्हणजे कॉलेजच्या खेळांतल्या तिसऱ्या श्रेणीची कॉलेजं तुम्ही यादीतून खोडली आहेत, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नाही म्हणून. अहो, आयव्ही लीगमध्ये, म्हणजे येल-हार्वर्डच्या गटातही नाही! आणि येल मात्र तुमच्या यादीत सगळ्यात वर आहे. रॉन डार्लिंग हा पिचर येलचाच. १९८१ मध्ये तिथून खेळताना सेंट जॉन्सविरुद्ध त्यानं ११ इनिंग एकही हिट दिली नाही, आणि बाराव्यात १-० असा हरला. पुढे १९८६ ची वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या मेट्समध्ये होता, आणि २००६ पासून मेट्सच्याच बूथमध्ये आहे. खोडलेली नावं परत लिहा.

स्कलीचे गुरू रेड बार्बर माइकजवळ अंडी उकडताना लावतात तसलं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचे. वाळू संपली की ते उलटं करायचं आणि स्कोअर सांगायचा. आत्ताच रेडिओ लावलेल्या माणसाला स्कोअर माहीत नसतो, एवढंच. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी वर्णन ऐकत तुम्ही वाढलात ना? मैदान दिसत नसताना ते दिसायचं. मुलाला एक महिना टीव्हीचा आवाज बंद करून, स्वतःच्या तोंडानं सामना सांगू दे. बेसबॉलच नको, हिवाळा आहे, हॉकी सांगू दे. मुलींचा व्हॉलीबॉल सांगू दे, तिथे माइक धरायला कुणी तयार नसतं आणि शाळा हातात द्यायला तयार असते. कॉलेजला गेल्यावर उन्हाळ्यात नॉर्थवूड्स लीगचे संघ आहेत, तिथे कॉलेजची मुलं खेळतातही आणि कॉमेंट्रीच्या इंटर्नशिपही करतात.

त्या साडेचार हजारांतून बरा मायक्रोफोन आणि हेडफोन घ्या, फिजिओची फी भरा. उरलेले ठेवून द्या.

एक गोष्ट राहिली. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की शाळेच्या वेबकास्टवर तो गेली दीड वर्षं बास्केटबॉलची कॉमेंट्री करतोय, "पण मी काही ऐकलेली नाही." ऐका. त्याला न सांगता, गाडीत, ऑफिसला जाताना. सुरुवातीची वीस मिनिटं सोडून द्या, तिथे सगळेच ठरवून बोलतात. त्याची शाळा वीस गुणांनी हरते आहे आणि अजून सहा मिनिटं शिल्लक आहेत, असा एखादा सामना शोधा आणि ती सहा मिनिटं मला पाठवा. कॉलेजच्या अर्जांबद्दल पुढचं पत्र मी ती ऐकल्यावर लिहीन.

आपला,
करिअर मार्गदर्शक